खेळण्यांचा लोभ आणि खेळण्यांचें दुकान

मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर येऊन आमचें घर कोणतें असें कोणी विचारलें, तर शेजारी अचूक बोट दाखवितात. पण आमचें दुकान कोठें असें विचारलें, तर तेच शेजारी बुचकळ्यांत पडतात. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आमच्या दुकानास पाटी नाहीं, फळ्या नाहींत, गल्ला नाहीं, आणि पायरीवर उभें राहून घासाघीस करणारें गिऱ्हाईकही नाहीं. माजघरांतील दोन लोखंडी कपाटें, ओटीवरचें एक लांब टेबल, एक वजनकांटा व एक मोबाईल फोन एवढाच दुकानाचा सारा पसारा. नागपूर, बडोदें, बेंगळूर, क्वचित् सिंगापूर अशा ठिकाणीं बसलेलीं माणसें इंटरनेटवर आमच्या खेळण्यांचीं चित्रें पाहतात, फोनवरूनच पैसे पाठवितात, आणि आमच्या ओटीवरून एक पुठ्ठ्याची पेटी निघून त्यांच्या दारीं जाते. मेहरूण आतां जळगांव शहरांतच मोडतें. तरी त्याचें नांव काढतांच खानदेशांतील मनुष्यास हिवाळ्यांतील बोरें आठवतात. त्या बोरांच्या गांवांतून, आणि ज्या जिल्ह्याचीं केळीं आगगाड्या भरभरून उत्तरेस जात आलीं त्या जिल्ह्यांतून, आम्ही लांकडाचीं केळीं विकतों हें ऐकून पाहुणेमंडळी हंसतात. त्यांच्याबरोबर आम्हीही हंसतों. केळीं मात्र खपतात.

व्यापार आमच्या घराण्यांत पूर्वीं कोणीं केलेला नाहीं. हें दुकान निघालें तें धनाच्या इच्छेनें नव्हे, घरांतील जागेच्या तंट्यामुळें. आम्ही लहानपणापासून खेळणीं जमवीत आलों आहों. शाळकरी वयांत कांहींना कांहीं जमविणें सर्वच मुलें करतात. आगपेट्यांवरचीं चित्रें, पोस्टाचीं तिकिटें, गोट्या. मिसरूड फुटलें कीं तें वेड सुटतें. आमचें सुटलें नाहीं. शिक्षकाची नोकरी लागल्यावर तर त्यास पगाराचें पाठबळ मिळालें. सहलीस जेथें जावें तेथून एक खेळणें घेऊन यावें असा क्रम तीस वर्षें चालला. सावंतवाडीच्या चितारआळींतील रंगीत फळें व भातुकली, चन्नपट्टणचे लाखेच्या रंगाचे भोंवरे, नागपूरकडील तान्ह्या पोळ्याचे चाकांवरचे बैल, वाराणसीच्या पोटांत पोट असलेल्या बाहुल्या, चावीच्या पत्र्याच्या आगगाड्या. प्रथम माडीवरची खोली भरली, मग कोठीची खोली अर्धी व्यापली. एके दिवशीं वहिनींस पापडांचा डबा ठेवावयास जागा सांपडेना, आणि त्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर दादांनीं आम्हांस समोर बसवून निवाडा दिला : "एक खेळणें बाहेर गेल्याशिवाय दुसरें आंत येणार नाहीं." घर एकत्र, माणसें तेरा, अशा घरांत थोरल्या भावाच्या निवाड्यावर अपील नसतें. ही सन २०१८ ची गोष्ट. पुतणी त्या वेळीं कॉलेजांत होती. तिनें एका संध्याकाळीं फोनवर दुकानाचें पान उघडून दिलें, आणि ज्या खेळण्यांचे आमच्यापाशीं दोन नग होते त्यांतील एकेक आम्हीं विक्रीस मांडला.

दुहेरी नग लवकरच संपले. आतां एकटे नग विकावयाचे, म्हणजे काळजाचा तुकडा काढून द्यावयाचा. तेव्हां आम्हीं एक युक्ति योजिली. जें खेळणें द्यावयाचें मनांत नाहीं त्याची किंमत अशी जबर लावावयाची कीं कोणी वाटेस जाऊं नये. दादांच्या दृष्टीला मात्र तें विक्रीस मांडलेलें दिसावें. चावी दिली असतां टकटक दाणे टिपणारी पत्र्याची एक कोंबडी आमच्या संग्रहांत होती. तिच्यापुढें आम्हीं सहा हजार रुपये लिहिले आणि निश्चिंत मनानें जेवावयास बसलों. ताकभातापर्यंत येतों न येतों तोंच कोल्हापूरच्या एका गृहस्थांनीं पैसे भरल्याची वर्दी आली.

आम्हीं त्या गृहस्थांस लागलाच फोन केला. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांवरील रंगांत शिसें असण्याचा संभव असतो व तें लहान मुलाच्या तोंडांत जाणें घातक, हें सांगणें आमचें कर्तव्यच होतें. परंतु हें ऐकून ते सौदा मोडतील अशी आशाही मनांत होती, हें वाचकांपासून कशाला लपवावें? गृहस्थ म्हणाले, "अहो, नातू पंचवीस वर्षांचा आहे. कोंबडी मलाच हवी आहे." इलाज राहिला नाहीं. पेटी बांधतांना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुलगी सासरीं पाठवितांना करतात तसें तोंड करूं नका."

संग्राहकाचा हा लोभ नवा नव्हे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'त लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालून त्याची समजूत घालते. आम्हां संग्राहकांचीं वयें पन्नाशीपलीकडे जातात, पण शेजाऱ्याच्या गाडीवरची नजर हटत नाहीं. तथापि ज्यांनीं या लोभाचें सोनें केलें अशींही माणसें आपल्याकडे होऊन गेलीं. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करीत, चष्म्यांचें दुकान चालवीत, आणि सन १९२० च्या सुमारापासून गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यें, बाहुल्या, पेट्या असें जें जें हाताच्या कारागिरीचें दिसे तें जमवीत. अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवानें उभारलेलें तें राजा दिनकर केळकर संग्रहालय महाराष्ट्र सरकारच्या हवालीं करून ते सन १९९० मध्यें निवर्तले. पुण्याचेच विलास करंदीकर यांनीं भातुकलीचीं हजारों इवलींशीं भांडीं गोळा केलीं व तीं ठिकठिकाणच्या प्रदर्शनांतून लोकांपुढें मांडलीं. यांच्या संग्रहाकडे शेंकडों माणसें पाहतात. आमच्या माडीवरच्या खोलीस कुलूप असे व किल्ली आमच्या जानव्याला. हा फरक दादांच्या निवाड्यापूर्वीं आमच्या कधीं लक्षांत आला नव्हता.

दुकान म्हटलें कीं हिशेब आला, आणि खेळण्यांच्या दुकानाचा हिशेब इतर दुकानांहून विचित्र असतो. खेळणें हलकें, पण जागा फार खातें. कुरिअरची पद्धत अशी कीं पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावयाचा व त्यास ५,००० नें भागावयाचें. येणारा आंकडा आणि कांट्यावरचें वजन यांपैकीं जें जास्त असेल त्याचे पैसे द्यावयाचे. सावंतवाडीच्या भातुकलीची आमची पेटी ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद व २० उंच असे. कांट्यावर ती नऊशें ग्रॅम भरे; हिशेबानें मात्र तीन किलो! म्हणजे दोन किलोंहून अधिक आम्ही हवाच पाठवीत होतों. हें गणित वहिनींस समजावून सांगितल्यावर त्यांनीं पातेल्यांत वाटी, वाटींत पळी, घंगाळांत तपेली असा संसार एकांत एक रचला आणि सारी भातुकली २५, २० व १५ च्या पेटींत बसविली. पुन्हां गुणाकार केला. तो दीड किलो. ट्रंकेंत चौघांचे कपडे भरून माहेरीं जाणाऱ्या स्त्रियांस ही विद्या जन्मतः अवगत असते, आम्हांस ती दोन वर्षांच्या तोट्यानंतर कळली.

दुसरी अडचण चित्रांची. भातुकलीची चूल चित्रांत भव्य दिसते. एका बाईंनीं चूल मागविण्यापूर्वीं विचारलें होतें कीं हिच्यावर दोन माणसांचा स्वयंपाक होईल ना? तेव्हांपासून प्रत्येक चित्रांत खेळण्याशेजारीं रुपयाचें नाणें ठेवण्याचा आमचा प्रघात आहे. आणि तिसरी अडचण खानदेशच्या उन्हाची. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांस टेकतो. पहिल्या उन्हाळ्यांत रंगविलेलीं फळें आम्हीं वर्तमानपत्रांत गुंडाळून पाठविलीं. नागपूरच्या घरीं पेटी उघडली तेव्हां सीताफळावर जळगांवच्या सोन्याचा आदल्या आठवड्याचा भाव उलट्या अक्षरांत उमटलेला होता. त्या गिऱ्हाइकानें तें फळ परत केलें नाहीं, हें त्याचें औदार्य. पण त्यानंतर आम्ही कोरा कागद वापरतों, आणि मे महिन्यांत रंगीत माल धाडीतच नाहीं.

कायद्याचेंही पाहावें लागतें. चौदा वर्षांखालील मुलांसाठीं असलेल्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असलेंच पाहिजे, असा केंद्र सरकारचा हुकूम सन २०२० मध्यें निघाला व १ जानेवारी २०२१ पासून अंमलांत आला. टोंकदार कडा, गिळतां येतील असे बारीक तुकडे, विषारी रंग यांपासून मुलांचें रक्षण व्हावें हा त्याचा हेतु, आणि तो योग्यच आहे. पण सावंतवाडीच्या आळींत पडवींत बसून बैल रंगविणाऱ्यानें प्रयोगशाळेचा खर्च कोठून करावा? सुदैवानें डिसेंबर २०२० मध्येंच त्या हुकुमांत दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालास, तसेंच चन्नपट्टणच्या खेळण्यांसारख्या भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या मालास त्यांतून सूट मिळाली. त्याच सुमारास परदेशी खेळण्यांवरील आयातकर २० टक्क्यांवरून ६० वर नेण्यांत आला, व सन २०२३ मध्यें ७० वर. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पांचावर आला. हे सर्व आंकडे दादांस मुखोद्गत आहेत. बॅंकेंतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हिशेबी बुद्धीस काम नव्हतें; ज्या दुकानास त्यांनीं शिक्षा म्हणून जन्म दिला त्याच्या चोपड्या आतां तेच लिहितात.

आमच्या स्वतःच्या वागण्यांत मात्र बदल घडविला तो कायद्यानें नव्हे, चितारआळींतील एका वृद्ध कारागिरानें. दर दोन-तीन वर्षांनीं आम्ही सावंतवाडीस जातों. मोती तलावाला वळसा घालून त्या आळींत शिरलें कीं पाय जड होतात. पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचीं फळें, पाट, पाळणे, पांगुळगाडे, भातुकल्या यांनीं दुकानें भरलेलीं असतात. याच गांवीं दशावतारी गंजिफा रंगविला जातो : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून बारा पानें, म्हणजे एकूण १२० वाटोळीं पानें. ही कला बुडण्याच्या बेतांत असतां सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले व सत्वशीलादेवी यांनीं सन १९७० नंतरच्या दशकांत राजवाड्यांत कारागीर बसवून तिला जीवदान दिलें. तर, त्या वृद्ध कारागिराच्या दुकानांत बसून आम्ही एका लांकडी फणसाच्या कांट्यांची वाखाणणी करीत होतों. तो सारें ऐकून घेऊन शांतपणें म्हणाला, "तुम्ही इतकीं वर्षें येतां, एक वस्तु नेतां आणि तासभर तारीफ करतां. तारिफेवर लांकूड मिळत नाहीं. दोन डझन नेणारा कोणी असेल तर आणा."

बोल मर्मीं लागला. संग्राहकास एक नग पुरतो. किंबहुना दुसऱ्याच्या घरीं तसलाच नग असूं नये अशीच त्याची आंतून इच्छा असते. कारागिराचें पोट मात्र डझनावर चालतें. ज्या वस्तूचा एकच नग कपाटांत उरला ती वस्तु वांचली असें आम्ही समजत होतों. तिच्या करणाऱ्याच्या लेखीं ती संपलेलीच असते. आम्हीं तेथेंच दोन डझन भातुकल्यांचे आगाऊ पैसे दिले. त्या वर्षीं दिवाळीपर्यंत सतरा विकल्या गेल्या, उरलेल्या सात संक्रांतीपर्यंत ओटीवर होत्या आणि दादा येतां-जातां त्या मोजीत असत. पुढच्या वर्षीं मात्र डझन अडीच झाले. चन्नपट्टणच्या भोंवऱ्यांचेंही आम्हीं तसेंच केलें. तेथें फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून रंग लांकडांत मुरतो, म्हणून तो मुलांच्या हाताला लागत नाहीं. हा भोंवरा कसा होतो तें लिहिलेली एक चिठी आम्ही प्रत्येक पेटींत घालतों. ती चिठी वाचून पुन्हां मागणी करणारे बरेच आहेत.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगावयास हरकत नाहीं.

आमच्या संग्रहांतील सर्वांत देखणी वस्तु विकत घेतलेली नव्हती, घरचीच होती. आजोबांनीं सन १९४७ मध्यें नाशिकच्या भांडीबाजारांतून आणलेली पितळी भातुकली : शेगडी, पाण्याचा बंब, पोळपाट-लाटणें, खलबत्ता, सोऱ्या, मोदकपात्र, झारा, उलथनें, पळी-पंचपात्र, असे सारे मिळून ४१ नग. अंगठ्याएवढ्या तांब्यालाही कांठ वळविलेले. ही भातुकली आम्हीं आमच्या पानाच्या अग्रभागीं मांडली होती व खालीं 'विक्रीसाठीं नाहीं' असें लिहिलें होतें. दुकानाची शोभा म्हणून ती होती. सन २०२४ च्या श्रावणांत बेंगळूरच्या एका मराठी संग्राहकांनीं तिला सत्तर हजार रुपये देऊं केले.

त्याच पावसाळ्यांत घराच्या पश्चिमेकडील छपराचे पत्रे गळूं लागले होते व दुरुस्तीचा अंदाज एक लाख दहा हजारांचा निघाला होता. रात्रीं विचारविनिमय झाला. दादा म्हणाले, "हें बघ, हें दुकान आहे कीं देवघर, तें एकदां ठरव." आम्हांस उत्तर सुचेना. भातुकली द्यावयाची नव्हती. पण 'ती आम्हांला आवडते' हें कारण छपराच्या गळतीपुढें टिकत नाहीं. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. अखेर आम्हीं होकार कळविला, बेंगळूरहून विसार आला, आणि प्रत्येक नगाचें निराळें चित्र काढून आम्हीं पानावर चढविलें. वर लिहिलें : 'संपूर्ण संच, एकही नग गहाळ नाहीं.' तीस वर्षांच्या जाणकारीचा तो शेरा होता.

तिसऱ्या दिवशीं धुळ्याहून फोन आला. आमच्या आत्याबाई चौऱ्याऐशीं वर्षांच्या. ऐकूं कमी येतें, पण दृष्टि शाबूत. नातवाच्या फोनवर त्यांनीं तीं चित्रें पाहिलीं होतीं. कुशलप्रश्न नाहीं, कांहीं नाहीं, एकदम म्हणाल्या, "बाळ, माझ्या शेगडीची जाळी कुठें आहे रे?"

आम्हीं कपाट उघडलें. शेगडींत जाळी नव्हती. ती कधींच नव्हती. आम्हीं ही शेगडी लहानपणापासून बिनजाळीचीच पाहिली असल्यामुळें ती तशीच घडविली आहे असें समजत होतों. निखारे राहणार कशावर, हा साधा प्रश्न आमच्या जाणकारीस पडला नव्हता.

"शोधूं नकोस," आत्याबाई म्हणाल्या. "ती माझ्यापाशीं आहे. लग्नांत निघतांना बटणांच्या डबींत घालून आणली. सारी भातुकली मागायचा धीर नव्हता झाला." मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "मी सासरीं नेली नाहीं, म्हणून ती तुमची झाली का रे?"

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें. आजोबांनीं ती भातुकली दोघी मुलींसाठीं आणली होती. धाकट्या आत्या कधींच गेल्या. थोरल्या सन १९६० मध्यें लग्न होऊन धुळ्यास गेल्या, भातुकली माळ्यावर गेली, माळ्यावरून आमच्या वडिलांकडे व त्यांच्या मागें आमच्याकडे आली. वाटेंत कोणीं कोणास विचारलें नाहीं. हिंदु वारसा कायद्यांतील सन २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. आमच्या घरांतील भातुकलीपर्यंत तो पोंचावयास आणखी एकोणीस वर्षें लागलीं.

पुढच्या रविवारीं दादा, वहिनी व आम्ही असे तिघे भातुकलीची पेटी मांडीवर घेऊन पारोळ्यावरून धुळ्यास गेलों. आत्याबाईंनीं बटणांची डबी तयारच ठेवली होती. जाळी रुपयाएवढी, शेगडींत टाकतांच खाचेंत बसली. त्यांची सात वर्षांची पणती शेजारीं उकिडवी बसून पाहत होती. तिच्याकडे वळून आत्याबाई म्हणाल्या, "जा, कोळसे आण."

आम्ही चमकलों. ही भातुकली पंच्याहत्तर वर्षांची, तिच्यावर काळानें जी झिलई चढविली आहे तीच तिची किंमत, खरा विस्तव लागला तर बूड काळें होईल, असें आम्ही सांगूं लागलों. त्यांचें लक्ष नाहीं असें पाहून दुसरा मुद्दा काढला : पितळेला कल्हई नाहीं, त्यांतला भात पोटांत जाणें बरें नव्हे. यावर मात्र त्यांनीं मान वर केली. "हा भात खायचा नसतो रे, वाढायचा असतो. इतकीं वर्षें खेळणीं विकतोस, एवढें ठाऊक नाहीं?" दादा दुसरीकडे पाहून हंसले. वहिनींनीं वाटींत चिमूटभर तांदूळ धुवून आणले.

भात शिजावयास बराच वेळ लागला. जाळी लहान, निखारे सारखे विझत. आत्याबाई कागदाचा पंखा करून वारा घालीत, पणती पळीनें ढवळी. पातेल्याचें बूड काळें कुळकुळीत झालें, तपेलीच्या कांठाला पोक आला. मग सहा दाण्यांची एकेक मूद आम्हां सर्वांस बदामाच्या पानांवर वाढण्यांत आली व आम्हीं ती जेवल्यासारखें केलें. वहिनी त्या दिवशीं प्रथमच या विषयावर बोलल्या. त्या म्हणाल्या, "माझीही होती. माहेरीं आहे कीं मोडींत गेली, मीं कधीं विचारलें नाहीं."

सौदा अर्थात् मोडला. बेंगळूरच्या गृहस्थांस आम्हीं सारी हकीकत लिहिली व विसार परत केला. संग्राहकाचा सौदा तोंडाशीं येऊन मोडला असतां त्यास काय वाटतें तें आम्ही जाणतों, म्हणून कठोर उत्तराची तयारी ठेवली होती. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें : जाळी नीट बसली का? त्यांस आम्हीं काजळीसकट चित्र पाठविलें.

भातुकली आतां घराच्या लेकींकडे पाळीपाळीनें एकेक वर्ष असते. धुळ्यास वर्ष झालें. त्यानंतर ती पुतणीकडे गेली आहे. पाळीची यादी दादांनीं चोपडींत लिहिली आहे, व तींत वहिनींच्या माहेरच्या भाचीचेंही नांव वहिनींनीं न विचारतां घातलें आहे. जाळी दोऱ्यानें शेगडीस बांधून टाकली आहे. छपराचे अर्धे पत्रे त्या दिवाळीच्या विक्रींतून बदलले. उरलेल्या अर्ध्यांखालीं या पावसाळ्यांतही बादल्या होत्या.

जुनीं खेळणीं विकावयास आणणारांस आम्ही आतां एक प्रश्न आधीं विचारतों : हें कोणाचें होतें, आणि घरांतील मुलींस विचारलें आहे का? या प्रश्नामुळें दोन चांगले संच हातचे गेले. एका गृहस्थांनीं तर, तुम्हीं दुकान मांडलें आहे कीं कचेरी, असें ऐकविलें. ते बोल झोंबले, कारण त्यांच्या पेटींत चावीची एक नाव होती, आणि तसली नाव आम्हीं अद्याप दुसरीकडे पाहिलेली नाहीं.

हें लिहीत असतां ओटीवर वहिनींचें पेट्या बांधणें चाललें आहे. उद्यां सकाळीं आठ पेट्या जावयाच्या. त्यांतील एक धुळ्याची आहे. पितळी भातुकली पुढच्या घरीं गेल्यामुळें आत्याबाईंनीं पणतीसाठीं सावंतवाडीची लांकडी मागविली आहे. त्यांच्याकडून पैसे घ्यावयाचे नाहींत असें आम्हीं ठरविलें होतें. पण नातवाकडून त्यांनीं ते आधींच पाठविले, कुरिअरच्या दीड किलोंसकट.